न्हाणीघराचे छत कोरडे नसते

न्हाणीघरातल्या विजेचा विषय निघाला की आधी गीझर आठवतो, आणि ते रास्तही आहे. पाणी आणि वीज एकाच टाकीत नांदवणारे ते यंत्र. म्हणून त्याच्यासाठी १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट असतो, जाड वायर असते, तीन पिनांचा प्लग असतो आणि वायरमन चांगला असेल तर बोर्डात स्वतंत्र एमसीबीही असतो. त्याच खोलीत डोक्यावर असलेले दुसरे उपकरण मात्र कोणाच्या हिशेबात नसते. छतावरच्या दिव्याला, विशेषतः जुन्या घरांत, दोनच वायरी जातात, फेज आणि न्यूट्रल. अर्थिंगची तिसरी वायर आली तर स्विचबोर्डापर्यंत येते आणि तिथेच थांबते. दिवा घेताना वॉट पाहिले जातात, प्रकाशाचा रंग पाहिला जातो, किंमत तर पाहिली जातेच. तो कुठे बसणार आहे हे दुकानदार विचारत नाही आणि गिऱ्हाईक सांगत नाही. ही पुस्तिका त्या एका दिव्यापुरती आहे. एका दिव्यासाठी एवढी पाने कशाला, असे वाचकाला वाटेल. त्याचे उत्तर देणे हे या प्रस्तावनेचे काम आहे.

माझे म्हणणे एवढेच की छत ही न्हाणीघरातली कोरडी आणि हात न पोहोचणारी जागा आहे, असे मनाशी धरून आपण दिवे घेतो आणि बसवतो. आपल्याकडच्या न्हाणीघरांत मात्र ते खरे नसते. इथले छत बुटके असते, त्याच्यावर बहुधा आणखी कोणाचे तरी पाणी असते, आणि खालून रोज वाफ चढत असते. हे एकदा मान्य केले की दिवा कोणता घ्यावा, तो कसा बसवावा आणि त्याच्या मागे बोर्डात काय असावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बदलतात.

आधी उंचीचे पाहू. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६०३६४ या वायरिंगविषयक मानकाचा ७०१ क्रमांकाचा भाग टब किंवा शॉवर असलेल्या खोल्यांसाठीच लिहिलेला आहे. त्यात खोलीचे विभाग पाडले आहेत. टबाच्या आतली जागा हा विभाग शून्य. टबाच्या वर, जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंत, विभाग एक. त्याला लागून ६० सेंटिमीटरची पट्टी हा विभाग दोन. त्यापलीकडे आणि २.२५ मीटरच्या वर नियम बरेच सैल होतात. टबात उभे राहून, पडदा ओढून आंघोळ करणाऱ्या माणसाचा हा नकाशा आहे. बाकीची जमीन कोरडी, आणि छत विभागांच्या बाहेर. पण हेच मानक टब नसलेल्या, जमिनीवरच पाणी वाहणाऱ्या शॉवरचाही विचार करते आणि तिथे पाण्याच्या पक्क्या तोंडापासून १.२ मीटरपर्यंतची सगळी जागा विभाग एकमध्ये टाकते. आता आपल्या घराकडे या. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेने न्हाणीघराची किमान जागा १.८ चौरस मीटर ठेवली आहे, रुंदी १.२ मीटर, आणि छताची किमान उंची २.१ मीटर. म्हणजे किमान मापाच्या न्हाणीघरात जवळजवळ सगळी जमीन विभाग एकमध्ये येते, आणि छत विभागाच्या वरच्या सीमेपेक्षा १५ सेंटिमीटर खाली राहते. ही काही पुस्तकातली अडचण नव्हे. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या असंख्य सदनिकांत न्हाणीघरावर माळा काढलेला असतो आणि खाली सात फूट कशीबशी उरते. फॉल्स सीलिंग केले की त्यातलेही चार-सहा इंच जातात. साडेपाच फूट उंचीच्या माणसाने हात वर करून टाचा उचलल्या की बोटे दिव्याला लागतात. टॉवेल झटकताना तर टाचाही उचलाव्या लागत नाहीत.

उंचीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वरून येणारे पाणी. सदनिकांत एकाच्या न्हाणीघरावर दुसऱ्याचे न्हाणीघर असते. वरच्या मजल्याचा खोलगट स्लॅब, त्यात भरलेला विटांचा चुरा, नहाणी ट्रॅप आणि त्याला जोडलेले पाइप हे सगळे खालच्याच्या डोक्यावर असते. वॉटरप्रूफिंग कधीतरी दमते, ट्रॅपचा सांधा सुटतो, आणि मग वरचा दुरुस्ती करणार की खालचा, यावर सोसायटीच्या सभांत तास जातात. गळतीचे डाग नको असतात म्हणून खालचा माणूस पीव्हीसीच्या पट्ट्यांचे फॉल्स सीलिंग करून घेतो. डाग झाकला जातो, गळती तशीच राहते, आणि नेमक्या त्या झाकलेल्या पोकळीत दिव्याचा पाठीमागचा भाग, एलईडीला लागेल तशी वीज करून देणारा ड्रायव्हर आणि टेप गुंडाळलेले वायरींचे सांधे जाऊन बसतात. शेवटच्या मजल्यावर वरचा शेजारी नसतो, पण गच्ची असते. स्लॅबमधून टाकलेल्या कंड्युटमध्ये पावसाचे पाणी शिरते आणि उताराने वाहत थेट दिव्याच्या पेटीत उतरते. पावसाळ्यात पंख्याच्या हुकाजवळून पाणी ठिबकते तेही बऱ्याचदा याच वाटेने. कोकणात आणि गोव्यात जुन्या घरांची न्हाणी मागच्या पडवीला किंवा घराबाहेर असते. तिथे छत म्हणजे वासे आणि मंगलोरी कौले. एक कौल सरकले की आषाढातले पाणी वाशावरून होल्डरपर्यंत चालत येते, आणि समुद्राजवळची खारी हवा स्क्रू, स्प्रिंगा, पत्र्याच्या पट्ट्या काही वर्षांत खाऊन टाकते. अशा जागी दिवा लावताना पाणी खालून उडेल एवढाच विचार करणे म्हणजे पावसात छत्री उलटी धरण्यासारखे आहे.

दिव्याच्या खोक्यावर आयपी ही अक्षरे आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धूळ, बोट, तार यांसारख्या घन वस्तू आत शिरण्याविषयी आणि दुसरा पाण्याविषयी. आयपी २० म्हणजे बोट आत जाणार नाही, पण पाण्यापासून संरक्षण शून्य. दुसरा आकडा १ असेल तर वरून सरळ पडणारे थेंब सोसतील, ४ असेल तर कुठूनही उडालेले शिंतोडे, ५ असेल तर पाण्याची धार, ७ असेल तर काही काळ बुडालेले राहणे. मानक विभाग एकसाठी पाण्याचा आकडा किमान ४ मागते, आणि धारेने धुण्याची शक्यता असेल तर ५. आपल्याकडे न्हाणीघर धुताना नळाची नळी भिंतींवर आणि कधी छतावरही फिरते, हे ध्यानात घेतले तर आयपी ६५ मागण्यात काहीच जादा नाही. पण इथे एक मेख आहे आणि ती खोक्यावर ठळक छापलेली नसते. छतात बसणाऱ्या पुष्कळ दिव्यांचा हा अंक फक्त समोरच्या, खोलीकडच्या बाजूचा असतो. काचेभोवती गास्केट असते, पण पाठ आयपी २० असते, कारण दिवा बनवणाऱ्याच्या मनातली पोकळी कोरडी असते. आपली पोकळी कोरडी नसते. म्हणून आपल्या न्हाणीघरासाठी छतात खुपसायच्या दिव्यापेक्षा छताला बाहेरून लावायचा, सगळीकडून बंद, प्लास्टिकच्या अंगाचा दिवा मला अधिक भरवशाचा वाटतो. गावाकडे ज्याला बल्कहेड म्हणतात तो जुना गोल किंवा लांबट दिवा या कामाला अजूनही उत्तम आहे. दिसायला तो रेल्वे स्टेशनासारखा दिसतो, हे मान्य. इंटिरियरवाल्यांना तो आवडत नाही, हेही मान्य.

आता विजेचे गणित. घरातला दाब २३० व्होल्ट. कोरड्या कातडीचा रोध पुष्कळ असतो, पण ओल्या, साबण लागलेल्या शरीराचा रोध सुरक्षेच्या हिशेबासाठी सुमारे १,००० ओहम धरतात. सर्वांत वाईट स्थितीत शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर स्वयंसेवकांवर प्रयोग करून पाहिले, की हातात धरलेली तार माणूस स्वतःहून किती प्रवाहापर्यंत सोडू शकतो. पुरुषांसाठी सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांसाठी सुमारे साडेदहा, असे त्यांना आढळले. ३० मिलिअँपिअरच्या पुढे, प्रवाह काही क्षण टिकला तर, हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. दिव्यांच्या सर्किटवरचा एमसीबी ६ किंवा १० अँपिअरचा असतो, म्हणजे ६,००० किंवा १०,००० मिलिअँपिअरचा. माणूस मरतो त्या प्रवाहाची त्याला दखलही नसते, कारण तो वायर वाचवण्यासाठी आहे, माणूस वाचवण्यासाठी नाही. ते काम आरसीसीबीचे. वायरमन त्याला अजून जुन्या नावाने ईएलसीबी म्हणतात. तो गेलेला आणि परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो आणि ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पुरवठा तोडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत अगदी लहान जोडण्या सोडून घरगुती ग्राहकासाठी असे साधन सांगितले आहे आणि त्याची मर्यादा ३० मिलिअँपिअरच ठेवली आहे. तरीही जुन्या इमारतींतल्या कितीतरी बोर्डांवर ते नाही, आणि काही बोर्डांवर ते आहे पण सारखे पडते म्हणून वगळून टाकलेले आहे.

नऊ वॉटच्या दिव्यात कसला आलाय धोका, असे अनेक जण मनापासून विचारतात. प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही, कारण वॉट कमी म्हणजे वीज कमी हे बिलाच्या बाबतीत खरेच आहे. पण दिव्याच्या टोकांवरचा दाब नऊ वॉटला आणि दोन हजार वॉटला सारखाच, २३० व्होल्ट असतो. नऊ वॉटचा दिवा स्वतः साधारण ४० मिलिअँपिअर किंवा थोडा जास्त प्रवाह घेतो. त्याच वायरीला लागलेले ओले शरीर त्याच्या कित्येक पट घेऊ शकते. कोणी म्हणेल, गीझरच्या आणि गॅस गीझरच्या दुर्घटना अधिक ऐकू येतात, छतावरच्या दिव्याने मेलेला माणूस कोणी पाहिला? गीझर अधिक घातक आहे हे मी नाकारत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक मृत्यू नोंदले जातात, पण ते एकाच रकान्यात असतात. शेतातला पंप, तुटलेली तार आणि घरातला होल्डर यांची तिथे वेगळी मोजणी नाही. त्यामुळे छतावरच्या दिव्याचा वाटा मोठा आहे असे आकड्यांनी सिद्ध करता येणार नाही, आणि तसा दावा ही पुस्तिका करत नाही. दावा एवढाच, की धोक्याचे सगळे घटक तिथे एकत्र आहेत आणि ते वेगळे करायला फार खर्च लागत नाही.

माणूस छतावरच्या दिव्याला हात लावतोच कधी, हा दुसरा आक्षेप. लावतो. दिवा गेला की ओल्या जमिनीवर स्टूल ठेवून, बहुधा अंधारात. जळमटे काढताना ओल्या फडक्याने. आणि हात न लावताही प्रवाह खाली येऊ शकतो. फॉल्स सीलिंगचा सांगाडा जस्ती पत्र्याच्या पट्ट्यांचा असतो. एखादी वायर त्या पट्टीखाली चिमटली आणि तिचे आवरण सोलले गेले की सगळा सांगाडा जिवंत होतो. त्याला टेकलेला शॉवरचा दांडा किंवा कपडे वाळत घालायची पितळी दांडी खालच्या माणसाच्या हाताशीच असते. यावर उपाय दोन, अर्थिंग आणि आरसीसीबी, आणि दोन्ही लागतात. धातूचे अंग असलेल्या दिव्याला आणि त्या सांगाड्याला अर्थिंग हवे. अर्थिंग आणताच येत नसेल तर दुहेरी आवरणाचा दिवा हवा, ज्याच्या अंगावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. आरसीसीबी असला तरी अर्थिंगची गरज संपत नाही. अर्थिंग असेल तर गळती सुरू होताच आरसीसीबी पडतो. नसेल तर तो कोणीतरी धक्का खाईपर्यंत थांबतो, कारण गळतीचा पहिला रस्ता तो माणूसच ठरतो.

आरसीसीबी पावसाळ्यात उगाच पडतो ही तक्रार घराघरात ऐकू येते. पण तो उगाच पडत नाही. त्या दिवसांत भिंतीत, पेटीत, होल्डरमध्ये ओल शिरलेली असते आणि तो तेच सांगत असतो. मात्र या तक्रारीत एक खरी गोष्ट आहे. सगळ्या घराला एकच आरसीसीबी असेल तर फ्रिजच्या किंवा वॉशिंग मशिनच्या दोषानेही न्हाणीघरात अचानक अंधार होतो, आणि ओल्या फरशीवर अंधारात घसरून पडणे म्हाताऱ्या माणसासाठी विजेच्या धक्क्याइतकेच महाग पडू शकते. म्हणून शक्य असेल तिथे न्हाणीघरांचे दिवे वेगळ्या सर्किटवर आणि वेगळ्या गळती-रक्षकावर घ्यावेत, असे माझे मत आहे. खर्च वाढतो, पण एक खराब झालेले फॉल्स सीलिंग पुन्हा बसवण्याच्या खर्चापेक्षा तो कमीच असतो.

स्वस्त एलईडी बल्ब देणारी केंद्र सरकारची उजाला योजना २०१५ साली सुरू झाली आणि एलईडी बल्ब घराघरात पोहोचले. वीज वाचली, ते उत्तमच झाले. पण दिवा बदलला आणि होल्डर तोच राहिला. दोन खाचांचा, पितळी स्प्रिंगांचा तो होल्डर उघडा असतो, त्यात वाफ शिरते, स्प्रिंगा हिरव्या पडतात. त्यात भर म्हणजे काही घरांत स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलेला असतो. मग दिवा बंद दिसतो आणि होल्डरच्या दोन्ही खाचा जिवंत असतात. नव्या दिव्यांत धोक्याची जागा बदलून ड्रायव्हरकडे गेली आहे. १२ व्होल्टचा दिवा लावला की झाले, असे समजणाऱ्यांनी जरा थांबावे. ड्रायव्हर खऱ्या अर्थाने वेगळा करणारा असेल, म्हणजे त्याच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरने २३० व्होल्टचा आणि १२ व्होल्टचा संबंध पूर्ण तोडला असेल, तर तो उत्तम उपाय आहे. ओल्या शरीरातूनही १२ व्होल्ट फार प्रवाह ढकलू शकत नाहीत. पण स्वस्त ड्रायव्हरांत हा संबंध तुटलेला नसतो. त्यांच्या बाहेर येणाऱ्या वायरी एकमेकींत थोडाच दाब दाखवतात आणि जमिनीच्या तुलनेत मात्र जिवंत असतात. म्हणून ड्रायव्हर न्हाणीघराबाहेर, कोरड्या आणि हात जाईल अशा जागी ठेवावा, आणि भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी नसलेला घेऊच नये.

हे सारे परदेशी नियम आहेत, आपल्याकडे एवढे कोण पाहतो, असेही म्हटले जाते. नियमांचा उगम परदेशी आहे, पण ओल इथलीच आहे. टबाभोवती आखलेला नकाशा जसाच्या तसा उचलला तर तो आपल्याला खरोखरच बसत नाही, आणि न बसण्याची दिशा अधिक काळजीची आहे, कमी नव्हे. आपल्या पूर्वीच्या वायरमननी एक गोष्ट तर मानक न वाचता केली होती. न्हाणीघराचा स्विचबोर्ड ते दाराबाहेर बसवत. आता सोय म्हणून तो आत येऊ लागला आहे. त्या एका बाबतीत तरी मागे जाणे हेच पुढे जाणे ठरेल.

काम कोणी करावे हा शेवटचा मुद्दा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या त्याच विनियमांत परवानाधारक कंत्राटदाराकडून काम करून घेण्याचे बंधन आहे, आणि दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलण्यासारखी, जोडणीची क्षमता आणि स्वरूप न बदलणारी कामे त्यातून वगळली आहेत. ही सूट व्यवहाराला धरून आहे. पण होल्डर काढून फॉल्स सीलिंगमध्ये चार दिवे, त्यांचे ड्रायव्हर आणि नवे सांधे बसवणे हे दिवा बदलणे नव्हे, ते नवे काम आहे. ते सुताराबरोबर आलेल्या पोऱ्याकडून उरकून घेऊ नये. या पुस्तिकेतली पुढची प्रकरणे वाचून वाचकाने स्वतः शिडीवर चढावे असा हेतू नाही. आपल्या घरी आलेल्या वायरमनला काय विचारायचे, त्याने काय केले ते कसे पाहायचे, आणि गळती आधी बंद करायची की दिवा आधी लावायचा, एवढे वाचकाला कळावे म्हणून ती लिहिली आहे. त्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर इथेच सांगून टाकतो, गळती आधी.

पुढचे पान उलटण्यापूर्वी वाचकाने घरातल्या मीटरजवळच्या बोर्डापाशी जाऊन यावे. तिथे ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले छोटे बटन असेल तर ते दाबून पाहावे. घरची वीज तत्काळ गेली तर आरसीसीबीची यंत्रणा चालते आहे, आणि ते बटन महिन्यातून एकदा तरी दाबत राहावे. वीज गेली नाही, किंवा तसे बटनच सापडले नाही, तर न्हाणीघराच्या नव्या दिव्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे आधी तिथे खर्च करावेत.